माया लागली की माणूस स्वतःला वेगळं दिसायला लागतं का?

बालाघाटची लेक

रोज सकाळी मोबाईलवर कुणीतरी पाठवतंच, की आधी स्वतःवर प्रेम करायला शिका, मग जग तुमच्यावर करील. पाठवणारीचा हेतू चांगला असतो. पण आपण कुणाला हवे आहोत हे ज्या लेकराला कधी कळलंच नाही, त्यानं स्वतःवर प्रेम करायचं ते कशाच्या आधारावर? माझ्या बाबतीत तरी क्रम उलटा झाला. आधी दुसऱ्या माणसानं जीव लावला आणि त्यानंतर बऱ्याच काळानं मी मला थोडीफार आवडायला लागले. ते कसं घडलं हे सांगावं आणि तुमचंही ऐकावं म्हणून धागा काढतेय.

माझं माहेर बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं. आईवडील ऊसतोडीला जायचे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या आसपास कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या पडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत मुक्काम तिथंच. माघारी येईस्तोवर उन्हाळा लागलेला असतो. अंगावरची लेकरं सोबत जातात, शाळेतली गावात राहतात, आजीजवळ. मला आजी नव्हती, म्हणून मी चुलत्याकडं राहायचे.

तिथं मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. चुलती वाईट बाई नव्हती, तिलाच तिचं पुरेसं नव्हतं. पण हिच्यापायी दोन भाकरी जास्तीच्या, हिच्यापायी माहेरी जाता येत नाही, असं कानावर पडत राहायचं. त्यातून मी माझ्याबद्दल एक हिशोब पक्का केला, की मी म्हणजे खर्च. जिथं असेन तिथं कुणाच्या तरी वाटणीतलं कमी करते. मग तो खर्च भरून काढायचा. सगळ्यांच्या आधी उठायचं, शेवटी जेवायचं, काही मागायचं नाही, अंग दुखलं तरी सांगायचं नाही. गावातले लोक म्हणायचे, किती गुणी पोरगी आहे. ते कौतुक माझ्या आत कधी उतरलंच नाही. ते माझ्या गप्प राहण्याचं कौतुक होतं, मला चांगलं कळत होतं.

लग्न होऊन सेलूकडं आले. नवरा भला माणूस आहे, पण आज लिहायचंय ते आत्याबाईंबद्दल, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल. त्या बोलायला कमी. 'छान केलंस' असं त्यांच्या तोंडून क्वचितच निघतं. पण मी करपलेली भाकरी स्वतःसाठी तळाला ठेवते, हे त्यांनी सुरुवातीलाच टिपलं. बोलल्या काही नाहीत. ताटं वाढताना ती भाकरी उचलून आपल्या ताटात घ्यायला लागल्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, आत्याबाई, ती माझ्याकडं द्या. तर म्हणाल्या, 'कामून? तुझ्या नावावर लिहिलीय का?' तेव्हापासून करपलेली भाकरी कधी त्या खातात, कधी मी, कधी घरातलं तिसरं कुणी. बाहेरच्याला ही गोष्ट केवढी तरी लहान वाटेल. मला त्यातून कळलं, की वाईट ते माझ्या वाट्याचं हा जो नियम मी सोबत घेऊन आले होते, तो या घरात चालत नाही.

दुसरं म्हणजे त्या मला विचारायच्या. कापूस आत्ता घालावा का संक्रांतीपर्यंत ठेवावा, नणंदेच्या घरच्या कार्याला काय न्यावं, गाय विकावी का. 'तुला काय वाटतं?' आधी मला वाटायचं परीक्षा घेतात. मी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचे, तर त्या हातातलं काम थांबवून वाट बघत बसायच्या. मी सांगितलेलं कधी ऐकायच्या, कधी 'ते जमायचं नाही' म्हणायच्या आणि का जमायचं नाही तेही सांगायच्या. माझं मत नाकारलं जायचं तेव्हासुद्धा मला बरं वाटायचं. नाकारण्याआधी ते कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलेलं असायचं.

पुढं एका पावसाळ्यात मला ताप भरला आणि मी अंथरुणातूनच हाक मारली, आत्याबाई, मला बरं नाही. आजारपण मी आपणहून कुणाला सांगितलं ते आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा. पुढं बचत गटाचं काम घेतलं, बँकेत साहेबासमोर बोलले, तीही माझ्यासाठी मोठी पावलं होती. पण मी बदलले ते त्या तापाच्या दिवशी, असं मी धरते.

तुम्हाला विचारायचंय ते हे. ज्यांच्या बाबतीत असं झालं त्यांना नेमकं कशानं पटलं? आणि माया मिळूनही ज्याला पटतच नाही, त्याचं काय करावं?

पूर्णेकाठी

ताई, वाचताना भरून आलं. भाकरीचं अगदी खरं आहे. आमच्याकडंही प्रत्येक घरात एक बाई असते जी तळाची भाकरी घेते, आणि घरातल्या कुणालाच ते दिसत नाही.

हिमरू

लेख मनापासून आवडला. तरीही एक विरोधी मत मांडते, राग मानू नका.

माझ्यावर खूप प्रेम केलं गेलं, लग्नानंतरची काही वर्षं. मी सुंदर आहे, हुशार आहे, माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही, हे सगळं मी रोज ऐकत होते आणि माझा त्यावर विश्वास बसला होता. मग ते प्रेम गेलं. सोबत मी सुंदर असणं, हुशार असणं, कुणाला हवी असणं, सगळंच गेलं. संभाजीनगरात भाड्याच्या एका खोलीत राहून, नोकरी करून, एकेक बिल स्वतः भरून मी ते परत उभं केलं. कुणाच्या डोळ्यांनी स्वतःकडं बघणं म्हणजे त्या माणसाच्या हातात किल्ली देणं. उद्या तुमच्या आत्याबाई बदलल्या असत्या तर? म्हणून मला तो सकाळचा संदेश इतका चुकीचा वाटत नाही.

बालाघाटची लेक

हिमरू ताई, राग कसला, तुम्ही जे सोसलं ते मला समजतं. पण एक विचारू? त्या एका खोलीत तुम्ही उठून नोकरी शोधायला निघालात. आपण शोधली तर मिळेल, आपल्याला मिळायला हवी, एवढं तरी तुम्हाला स्वतःबद्दल वाटत होतं. ते कुठून आलं? कदाचित त्याच्याही आधीच्या कुणाकडून आलं असेल. मी त्या जागी असते आणि आत्याबाई भेटल्या नसत्या, तर मी खोलीसुद्धा मागितली नसती. मी माझ्यामुळं घर मोडलं असं समजून माहेरच्या ओसरीत पडून राहिले असते.

हिमरू

माझे आजोबा. लहानपणी ते मला सायकलवर पुढं बसवून घाटीच्या दवाखान्यात घेऊन जायचे, आजीला डबा द्यायला, आणि वाटेत प्रत्येक ओळखीच्याला थांबवून सांगायचे, ही माझी नात. एवढंच, ही माझी नात. हुशार आहे, पहिली येते, असलं काही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. यावर मला विचार करावा लागेल.

समुपदेशक नांदेड

चर्चा चांगल्या वळणावर आहे म्हणून माझ्या विषयातलं थोडं सांगतो.

'आरशातला मी' ही कल्पना चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1902 मध्ये मांडली. आपण इतरांना कसे दिसत असू याचा अंदाज आपण बांधतो आणि त्या अंदाजावरून स्वतःबद्दलचं मत बनवतो. इतर लोक खरोखर काय विचार करतात यापेक्षा आपला त्याबद्दलचा अंदाज जास्त काम करतो. बालाघाटच्या ताईंनी चुलतीच्या बोलण्यावरून 'मी म्हणजे खर्च' हा जो हिशोब मांडला तो हाच. चुलतीच्या मनात कदाचित तेवढं नसेलही.

प्रेमाच्या नात्यांबद्दल सँड्रा मरे, जॉन होम्स आणि डेल ग्रिफिन यांनी 1996 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडप्यांना वर्षभर अधूनमधून प्रश्नावल्या दिल्या. जोडीदारानं ज्यांना त्यांच्या स्वतःच्या मतापेक्षा उजवं मानलं होतं, ती माणसं काळाबरोबर स्वतःला तसंच बघायला लागली. म्हणजे ताईंचा उलटा क्रम संशोधनातही दिसतो.

पण 'ज्याला पटतच नाही त्याचं काय' हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि माझ्याकडं येणाऱ्यांत अशीच माणसं जास्त. विल्यम स्वान यांच्या 1992 च्या अभ्यासात दिसलं, की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट होतं, ते त्यांना कमी लेखणाऱ्या जोडीदाराशी जास्त बांधलेले होते. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात एक तर्क आहे. मी वाईट आहे हे मला पक्कं ठाऊक असेल तर मला चांगलं म्हणणारा एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्यानं मला अजून ओळखलेलं नाही. ओळखेल तेव्हा जाईल. त्यापेक्षा कमी लेखणाऱ्याजवळ निदान धक्का बसायची भीती नसते. अशा माणसाला 'तू छान आहेस, तू छान आहेस' म्हणत राहिलं तर तो आणखी मागं सरकतो. हे मी खोलीत समोर बसून पाहिलंय.

मग उतरतं कसं? डेनिस मॅरिगोल्ड, होम्स आणि मायकेल रॉस यांचं 2007 चं काम मला फार मोलाचं वाटतं. स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्यांना त्यांनी जोडीदारानं केलेलं एक कौतुक आठवायला सांगितलं. नुसतं काय घडलं ते सांगितलं तर फरक पडत नव्हता. पण 'जोडीदाराला तुमचं कौतुक का वाटलं, त्याचा तुम्हाला काय अर्थ आहे, नात्यासाठी त्याचं काय महत्त्व आहे' हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं की ते कौतुक आत पोचायचं. एरवी ते त्याला त्या एका दिवसापुरतं, त्या एका कामापुरतं मानून बाजूला ठेवत होते.

आत्याबाईंनी कौतुक केलंच नाही, म्हणून ते नाकारताही आलं नाही, असं मला वाटतं. करपलेली भाकरी त्यांच्या ताटात गेली, याच्याशी वाद कसा घालणार?

औसा रोड

मी सहसा लिहीत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी लहान होतो. विसर्जनाची रात्र होती, मोठी माणसं उशिरा झोपलेली. भूकंपात आमच्या घराच्या दगडमातीच्या भिंती आत पडल्या. माळवदाची घरं, वरती मातीचा एवढा भार. मी निघालो, आई आणि धाकटी बहीण निघाल्या नाहीत. किल्लारीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, आसपासच्या कितीतरी गावांत हेच झालं.

मावशीनं मला वाढवलं. माझ्या मनात एकच होतं, मी कशाला राहिलो. बहीण माझ्यापेक्षा शांत होती, आईची लाडकी होती, ती राहायला पाहिजे होती. मी राहिलोय ते कुणाची तरी जागा अडवून. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण मावशीला कळलं असावं. ती मला कधी म्हणाली नाही की देवानं तुला वाचवलं, तू मोठा होऊन नाव काढ. बाकी सगळे तेच म्हणायचे आणि मला ते ओझं व्हायचं, दोघींच्या वाटचं जगून दाखवायचं म्हणजे. मावशी मला बाजारात घेऊन जायची, कुठली चप्पल पाहिजे विचारायची. मी स्वस्त दाखवली तर दुकानदारासमोरच म्हणायची, 'तुला आवडलेली सांग रे राजा, किमतीचं मी बघते.' दर वर्षी, दर खरेदीला. मला काय आवडतं हे मलाच माहीत नव्हतं, ते असं हळूहळू शोधावं लागलं.

आता माझी दोन लेकरं आहेत. 30 सप्टेंबरला आम्ही मावशीकडं जेवायला जातो. समुपदेशक साहेबांनी जे लिहिलं ते मला पटलं. मला कुणी समजावून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

पूर्णेकाठी

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

गोदाकाठचा म्हातारा

मी गंगाखेडचा. जनाबाईंचं गाव म्हणून हा विषय आमच्या घरी वेगळ्या तऱ्हेनं येतो, तेवढं लिहितो.

लहान वयात ही पोर नामदेवांच्या घरी कामाला राहिली. आयुष्यभर स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवून घेतलं. आणि हीच दासी विठ्ठलाशी भांडते, त्याला रागावते, त्याला आई म्हणून हाक मारते. नामदेवांशी बरोबरीनं बोलायला त्या काळी कितीजण धजावले असते ते सोडा, ही थेट देवाला बोल लावते. हे धाडस तिच्यात कुठून आलं, असं मी तरुणपणी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, तो तिच्याजवळ दळायला बसला म्हणून.

परंपरेत तो तिचं दळण दळतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. त्यानं तिला उचलून सिंहासनावर बसवलं असं कुणी सांगत नाही. दळणारी दळतच राहिली. पण ज्या कामामुळं जग तिला हलकं समजत होतं, त्याच कामाला येऊन त्यानं हात लावला. मग ते काम हलकं कसं राहील, आणि ती तरी? आत्याबाईंनी करपलेली भाकरी खाल्ली हे वाचून मला हेच आठवलं. हिमरू बाईंना मी एवढंच म्हणेन, की किल्ली कुणाच्या हातात द्यायची हे बघावं लागतं. जो आपल्याला वर चढवून ठेवतो त्याच्यापेक्षा जो आपल्या जात्याजवळ येऊन बसतो त्याच्यावर मी विश्वास ठेवीन.

हिमरू

बाबा, नमस्कार. 'वर चढवून ठेवणं' हे वाचून मी थांबले. माझ्या नवऱ्यानं मला खरंच वर चढवून ठेवलं होतं. मी आजारी पडले, जाड झाले, चिडचिड करायला लागले तेव्हा त्याला ती बाई ओळखीची वाटेना. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, असं मी आजही म्हणते. पण ते ज्या बाईवर होतं ती मी पूर्ण नव्हते. आजोबांच्या सायकलवर बसलेली मात्र पूर्ण मीच होते, नाक वाहणारी, रडकी, सगळी. माझा आक्षेप मी मागं घेत नाही, पण आता तो थोडा बदलून मांडीन. कुणाच्या डोळ्यांनी स्वतःला बघण्यात धोका आहेच, आणि त्या डोळ्यांना आपल्यातलं किती दिसतं यावर तो कमी-जास्त होतो.

समुपदेशक नांदेड

हिमरू ताई, तुम्ही हे माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

लातूरला होतो

मी वयानं लहान आहे इथं सगळ्यांपेक्षा. नीटसाठी लातूरला राहिलो. आमच्या गावाकडून जी पोरं जातात त्यांच्यामागं घरच्यांनी शेताचा तुकडा विकलेला असतो किंवा कर्ज काढलेलं असतं. घरचे प्रेम करत नाहीत असं मी म्हणणार नाही, खूप करतात. पण दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, टेस्टमध्ये किती पडले. चांगले पडले की आईचा आवाज उजळायचा, कमी पडले की ती लपवायचा प्रयत्न करायची आणि ते मला कळायचं. म्हणून मी म्हणजे माझा स्कोअर, असंच मी धरून चाललो. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही तेव्हा मी आठवडाभर खोलीतून बाहेर आलो नाही.

आमच्या मेसवाल्या मावशींना नीट म्हणजे काय ते पण धड माहीत नव्हतं. मी येत नाही म्हटल्यावर त्यांनी डबा वर पाठवला, मग स्वतः आल्या आणि म्हणाल्या, 'तुला शेपू आवडत नाही म्हणून आज तुझ्यापुरतं बेसन केलंय, खाली ये.' शेकडो पोरं जेवतात तिथं. मला शेपू आवडत नाही हे मी कधी बोललो नव्हतो, मी ताटात ठेवायचो ते त्यांनी बघितलं होतं. मार्कांशी ज्याचा काहीच संबंध नाही असं माझ्याबद्दलचं काहीतरी एका माणसाला लक्षात होतं. मी खाली गेलो.

आता मी बी.फार्मसी करतोय आणि बरा आहे. घरच्यांवर राग नाही. पण पालक हा धागा वाचत असतील तर रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न दुसरा काहीतरी विचारा, ही विनंती.

बालाघाटची लेक

बाळा, शेपूचं वाचून मी आतून हलले. आत्याबाई पण असंच बघतात, न सांगितलेलं. असं बारकाईनं बघणारं माणूस आयुष्यात एक जरी आलं तरी पुरतं, असं मला वाटायला लागलंय.

समुपदेशक नांदेड

ताई, तुमच्या 'एक जरी आलं तरी' याला मोठा आधार आहे. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढं सक्षम, समजूतदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार एक गोष्ट दिसली. निदान एका स्थिर माणसाशी घट्ट नातं. ते आईबापच असावं असं नव्हतं. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीही.

वसतिगृह गुरुजी

मी बीडकडच्याच एका गावात शिक्षक आहे. टोळ्या गेल्या की मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, त्यात माझं काम असतं. पोरांना दोन वेळचं जेवण आणि शाळा मिळते, गळती थांबते, हे महत्त्वाचं आहेच. पण धागा वाचून मी माझी मुलं डोळ्यांसमोर आणली आणि बालाघाटच्या ताईंना थेट विचारतो. तुम्ही त्या वयाच्या असताना आम्ही काय करायला पाहिजे होतं? आमच्याकडं माणसं कमी, मुलं जास्त.

बालाघाटची लेक

गुरुजी, तुम्ही विचारलंत यातच मला किती काय मिळालं. मला सुचतं ते सांगते.

सगळ्यात आधी, त्रास न देणाऱ्या मुलांकडं बघा. जो रडतो, भांडतो, पळून जातो त्याच्याकडं लक्ष जातंच. जी पोरगी सगळ्यांची ताटं उचलते आणि शेवटी जेवते, तिला 'शहाणी आहे' म्हणू नका. तिला आधी वाढा. कारण विचारलं तर सांगू नका, नुसतं वाढा.

आईबापांचा फोन ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येईल एवढं बघा. आमच्या वेळी कुणी येणाऱ्याजाणाऱ्याजवळ निरोप यायचा, कधी यायचा कधी नाही. वाट बघता येते, पण कधीपर्यंत बघायची ते कळायला पाहिजे. आणि निघण्याआधी आईनं लेकराला स्वतः सांगावं, की आम्ही तुझ्यामुळं चाललो नाही आणि तुझ्याशिवाय आम्हाला करमणार नाही. आमच्याकडं असं बोलायची पद्धत नाही, आईला लाजल्यासारखं होतं. तुम्ही सांगितलं तर ती बोलेल. माझी आई निघताना फक्त म्हणायची, काकूला त्रास देऊ नकोस. तिला मायाच दाखवायची होती, मी आता समजू शकते. मी ऐकलं ते वेगळंच.

आणि त्यांना विचारत जा. आज भाजी काय करायची, कुठला खेळ खेळायचा, भिंतीवर कुठलं चित्र लावायचं. उत्तर येईपर्यंत थांबा. 'तुम्ही म्हणाल तसं' हे उत्तर धरू नका.

समुपदेशक नांदेड

गुरुजी, शाळेत वेळ द्यायचा असेल तर मी नांदेडहून यायला तयार आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा. मुलांसोबत बसण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या ताईंसोबत बसायला मला आवडेल. कोण काय ताटात ठेवतं हे त्यांनाच माहीत असणार.

वसतिगृह गुरुजी

निरोप मिळाला, सर. आमच्याकडं दोघी स्वयंपाकाला आहेत, दोघीही गावातल्याच आणि एकीची स्वतःची मुलगी वसतिगृहात आहे. टोळ्या निघण्याआधी पालकांची सभा घ्यायची असतेच, ती यंदा दसऱ्याच्या आधीच घेतो, म्हणजे आया सापडतील. ताई, तुमचा हा प्रतिसाद मी त्या सभेत नाव न घेता वाचून दाखवला तर चालेल का?

बालाघाटची लेक

चालेल गुरुजी. काकूचा उल्लेख तेवढा वगळा. ती अजून गावात आहे, आणि तिनं मला तिच्या ऐपतीप्रमाणं सांभाळलं.